तारेवरची अक्षरे : सुरतेच्या घरांतील मोडेमचे पर्व

इ.स. १६७० च्या सुमारास सुरतेतील व्यापारी भीमजी पारेख यांनी ईस्ट इंडिया कंपनीकडे एक आगळी मागणी केली. ब्राह्मणांचे प्राचीन ग्रंथ छापून काढता यावेत यासाठी विलायतेहून एक मुद्रक पाठवावा, अशी ती मागणी होती. कंपनीने ती मान्य केली आणि १६७४ मध्ये हेन्री हिल्स हा मुद्रक छापयंत्र, खिळे व कागद यांसह मुंबईस येऊन दाखल झाला. हिल्सला छापता येत होते, परंतु देशी लिपीचे खिळे पाडण्याची विद्या त्याला अवगत नव्हती. अ. का. प्रियोळकर यांनी हिंदुस्थानातील मुद्रणावरील आपल्या १९५८ सालच्या इंग्रजी ग्रंथात हा प्रसंग नोंदविला आहे. यंत्र आले, कागद आला, रोमन अक्षरेही आली. ज्या अक्षरांसाठी एवढा खटाटोप केला तेवढीच मागे राहिली.

सुमारे सव्वातीनशे वर्षांनी याच सुरत शहरातील सुशिक्षित घरांत आणखी एक यंत्र शिरले. टेबलावर संगणकाशेजारी मावेल एवढी ती पेटी होती. तिला एका बाजूने संगणकाची आणि दुसऱ्या बाजूने दूरध्वनीची तार जोडलेली असे आणि तिच्या दर्शनी भागावर लाल दिव्यांची एक ओळ लुकलुकत असे. तिचे नाव मोडेम. विसाव्या शतकाच्या अखेरच्या पाच-सहा वर्षांत आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या चार-पाच वर्षांत घरगुती इंटरनेटचा मुख्य दरवाजा म्हणजे ही पेटी होती. आता ती माळ्यावरूनही नाहीशी झाली आहे. तरीही ती निवडताना लोकांनी काय विचार केला, कोठे पैसे वाया घालविले आणि तिच्यातून मराठी अक्षर कितपत आले, याचा आढावा घेणे ग्रंथालयाच्या वाचकाला अगदीच परके वाटू नये.

सुरतेचा मराठी समाज एकाच साच्यातला नाही. गायकवाडांचे पहिले ठाणे सोनगड हे तापीच्याच खोऱ्यातले. त्या राजवटीच्या आश्रयाने काही घराणी या प्रदेशात स्थिरावली. रेल्वे, टपाल, बँका व शाळा-महाविद्यालये यांतील नोकऱ्यांमुळे कोकण आणि देशावरून माणसे आली. तापी व्हॅली रेल्वेने १९०० साली सुरत खानदेशाशी जोडली. पुढे उधना-लिंबायत परिसरातील मागांवर खानदेशी कामगारांची दाट वस्ती झाली. या सर्वांना बांधणारा धागा म्हणजे गावाकडची बातमी. ती पत्राने येई, मुंबईच्या गाडीने आलेल्या वर्तमानपत्रातून येई, रात्री एसटीडीच्या दुकानासमोर रांग लावून कानांनी ऐकली जाई. ज्या घरातील मुलगा वा मुलगी अमेरिकेस गेली होती, त्या घरात तर ही ओढ आणखी तीव्र. मोडेम घेण्याचा पहिला विचार अशाच घरांत झाला, असे मानण्यास पुष्कळ जागा आहे.

मोडेमचे कार्य समजून घेण्यासाठी प्रथम दूरध्वनीच्या तारेची मर्यादा ध्यानात घ्यावी लागते. दूरध्वनीची वाहिनी माणसाच्या बोलण्यासाठी आखलेली आहे. सेकंदाला सुमारे ३०० ते ३,४०० कंपनांच्या दरम्यानचा ध्वनी ती वाहून नेते, त्याखालचा व त्यावरचा गाळून टाकते. संगणकाची भाषा मात्र शून्य व एक या दोनच खुणांची. या खुणा आवाजाच्या चढउतारांत गुंफून तारेवर सोडणे हे मॉड्युलेशन, आणि पलीकडच्या टोकास त्या आवाजातून पुन्हा खुणा वेगळ्या काढणे हे डिमॉड्युलेशन. दोन्ही शब्दांची आद्याक्षरे जोडून ‘मोडेम’ हे नाव तयार झाले. जोडणी होताना जो किंचाळल्यासारखा, मध्येच घरघरणारा आवाज ऐकू येई, तो दोन यंत्रांचा परस्परपरिचय होता. त्यातील एक लांबलचक सूर २,१०० कंपनांचा असे. दूरच्या संभाषणातील प्रतिध्वनी दाबण्यासाठी दूरध्वनी खात्याने बसविलेली उपकरणे त्या सुराने तेवढ्यापुरती गप्प केली जात. त्यानंतर दोन्ही मोडेम तारेची परीक्षा घेत आणि तिला झेपेल त्या वेगावर तडजोड करीत. हा ‘झेपेल त्या’चा भाग पुढील कथेत महत्त्वाचा आहे.

खरे पाहता सुरतेच्या व्यापाऱ्याला मोडेमचा आवाज नवा नव्हता. कापडाच्या आणि हिऱ्यांच्या पेढ्यांवर जी फॅक्स यंत्रे आली होती, त्यांच्या पोटात मोडेमच होता. लग्नपत्रिकेपासून सौद्याच्या चिठ्ठीपर्यंत सारे काही त्या किंचाळीतून गेले होते. फरक एवढाच की फॅक्सची निवड करताना कोणाला वेग, मानक, केंद्र यांचा विचार करावा लागला नाही.

अमेरिकेत बेल कंपनीने १९६२ मध्ये सेकंदाला ३०० बिट नेणारा मोडेम बाजारात आणला. त्या काळी दूरध्वनी कंपनीच्या तारेला परक्याचे उपकरण जोडण्यास मनाई होती. १९६८ च्या कार्टरफोन निर्णयाने ती उठली. १९८१ मध्ये हेस कंपनीचा स्मार्टमोडेम आला. ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणाऱ्या आज्ञा संगणकावरून देऊन त्याच्याकडून क्रमांक फिरवून घेता येत असे. पुढे जगातील जवळजवळ प्रत्येक मोडेम हीच आज्ञावली समजू लागला. वेगाची चढणही ठरावीक टप्प्यांची होती : २,४००, ९,६००, १४,४००, मग १९९४ मध्ये २८,८०० आणि १९९६ मध्ये ३३,६००. प्रत्येक टप्प्याला आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे मानक होते आणि पेटीवर ते ठळक छापलेले असे.

भारतात या साऱ्याचा आरंभ प्रयोगशाळांत झाला. एर्नेट या शैक्षणिक जाळ्याच्या योजनेत १९८६-८७ च्या सुमारास जुहूचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या दूरध्वनीवरून संगणकीय टपालाची देवघेव सुरू झाली. सर्वसामान्यांसाठी दार उघडले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. विदेश संचार निगमाने त्या दिवशी मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास येथे इंटरनेट सेवा चालू केली. पुणे व बंगलोर ही शहरे लवकरच जोडली गेली. आरंभीचा वेग ९,६०० बिटांचा होता. या यादीत सुरत नव्हती. व्यापारात कोणाच्या मागे नसलेले हे शहर तारेच्या दृष्टीने एकदम परगावचे ठरले. सुरतेहून जोडणी करायची तर मुंबईचा क्रमांक एसटीडीने फिरवावा लागे आणि इंटरनेटच्या शुल्काच्या पलीकडे मिनिटामिनिटाचे दूरध्वनीचे देयक अंगावर येई. रात्री अकरानंतर एसटीडीचा दर एक चतुर्थांश होत असल्याने या छंदाची वेळही ठरून गेली होती. जे लोक मध्यरात्री घड्याळ समोर ठेवून पत्रे पाठवीत, त्यांच्या चिकाटीचे कौतुक केले पाहिजे. तेवढ्याच रास्तपणे असेही म्हणावे लागते की ज्यांच्या घरी दूरध्वनीच नव्हता, त्या लिंबायतच्या कामगारापर्यंत हे दार पोहोचलेच नव्हते.

खात्यांचे प्रकार दोन होते आणि त्यांतील अंतर विलक्षण होते. विद्यार्थ्यांसाठीचे ‘शेल’ खाते वर्षाला अवघ्या ५०० रुपयांना मिळे. त्यात काळ्या पडद्यावर केवळ अक्षरे दिसत, पत्रांसाठी पाइन आणि पाने वाचण्यासाठी लिंक्स हे कार्यक्रम वापरावे लागत. चित्रांसह पाने दाखविणारे खाते सुमारे १५,००० रुपयांचे होते. तीस पटींचा हा फरक मोडेमच्या निवडीवर सावली टाकीत होता. केवळ अक्षरे वाचणाऱ्याला महागडा वेगवान मोडेम घेऊन फारसे काही साधत नव्हते. दोन हजार अक्षरांचे घरगुती पत्र २,४०० बिटांच्या जुन्या मोडेमवरूनही आठ-नऊ सेकंदांत जाई. जाणते लोक पत्र आधी निवांतपणे लिहून ठेवीत, मग जोडणी करून ते पाठवीत, आलेली पत्रे उतरवून घेत आणि तत्काळ तार तोडीत. अशा घरात जुना मोडेम आणि शहाणपण यांची जोडी उत्तम चालली.

मात्र दुकानात शिरलेला ग्राहक पेटीवरचा आकडा पाहून निर्णय घेई. येथेच सर्वांत मोठी गफलत होती. मोडेमचा वेग मोडेममध्ये नसतो. तो घर आणि दूरध्वनी केंद्र यांच्यामधल्या तांब्याच्या जोडीत असतो, त्या तारेच्या सांध्यांत असतो आणि केंद्राच्या जातीत असतो. पेटीवरचा आकडा ही वरची मर्यादा. पावसाळ्यात केबलच्या सांध्यात पाणी शिरले, खांबावरच्या डब्यातील जोड गंजला, घरातल्या घरात दुसऱ्या खोलीत नेलेल्या समांतर तारेला नुसता पीळ मारून चिकटपट्टी लावलेली असली, की ३३,६०० चा मोडेम निमूटपणे १४,४०० वर उतरे. सुरतेसारख्या दमट हवेच्या आणि भरपूर पावसाच्या शहरात हा अनुभव नित्याचाच. नवा मोडेम आणण्यापूर्वी लाइनमनला बोलावून सांधे नव्याने करून घेतले असते तर कित्येकांचे काही हजार रुपये वाचले असते. बोलण्यात खरखर ऐकू येते का, एवढी एक कसोटीही पुष्कळ काही सांगून जाई.

केंद्राच्या जातीचा प्रश्न त्याहून मूलभूत होता. जुनी स्ट्रोजर व क्रॉसबार पद्धतीची केंद्रे यांत्रिक होती. त्यांना क्रमांकाच्या तबकडीचे ठोके समजत, बटणांचे सूर समजत नसत. अशा केंद्रावरील ग्राहकाने मोडेमला ठोक्यांनी क्रमांक फिरविण्याची आज्ञा दिली नाही, तर मोडेम सूर वाजवीत राही आणि केंद्र ढिम्म. १९८२ मध्ये फ्रान्सच्या सीआयटी-अल्काटेल कंपनीशी झालेल्या करारानंतर मनकापूरच्या कारखान्यातून निघालेली ई-१०बी केंद्रे आणि ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉटची देशी बनावटीची केंद्रे यांनी पुढील पंधरा वर्षांत हे चित्र पालटले. अंकीय केंद्र बोलण्याचे सेकंदाला ८,००० नमुने घेते व प्रत्येक नमुना आठ बिटांत लिहिते. म्हणजे एका संभाषणाला ६४,००० बिट. सुप्रसिद्ध ५६,००० बिटांच्या मोडेमचे रहस्य या हिशेबात आहे.

१९४८ मध्ये क्लॉड शॅनन या गणितज्ञाने गोंगाट असलेल्या वाहिनीतून जास्तीत जास्त किती माहिती नेता येईल याचे सूत्र मांडले होते. साध्या दूरध्वनीच्या वाहिनीसाठी ही कमाल साधारण पस्तीस हजारांच्या आसपास येते. म्हणून ३३,६०० हा टप्पा शेवटचा मानला गेला होता. तो ओलांडण्यासाठी अभियंत्यांनी एक युक्ती काढली. सेवा देणाऱ्या संस्थेचे टोक केंद्राला थेट अंकीय वाहिनीने जोडले, तर त्या बाजूने येणाऱ्या माहितीचे रूपांतर ग्राहकाच्या केंद्रात एकदाच होते आणि गोंगाट घटतो. अशा वेळी उतरणारी माहिती ५६,००० पर्यंत चढू शकते. घरून जाणाऱ्या माहितीला मात्र ३३,६०० चीच मर्यादा राहिली. १९९७ मध्ये यू. एस. रोबोटिक्सने ‘एक्स२’ आणि रॉकवेल व ल्युसेंट यांनी ‘के५६फ्लेक्स’ अशा दोन पद्धती आणल्या. एकीचा मोडेम दुसरीशी या वेगाने बोलू शकत नसे. सेवा देणाऱ्याकडे कोणती पद्धत आहे हे न विचारता मोडेम घेणारा या भांडणात भरडला गेला. फेब्रुवारी १९९८ मध्ये ‘व्ही.९०’ या सामाईक मानकावर सहमती झाली आणि वाद मिटला. तारेच्या वाटेत कोठेही एक रूपांतर अधिक झाले, उदाहरणार्थ इमारतीच्या खाजगी फलकामुळे, तर ५६,००० चा मोडेम पुन्हा ३३,६०० चाच होई. पेटीवरचा हा आकडा पूर्णांशाने फारच थोड्या घरांत प्रत्यक्षात उतरला.

अमेरिकेहून आप्तांनी पाठविलेल्या मोडेमची कथा स्वतंत्र लिहिण्याजोगी आहे. सुटीत येणारा मुलगा बॅगेत मोडेम आणी. तेथे तो स्वस्त होता आणि नामांकित बनावटीचा. पहिली अडचण विजेची. त्याचा अडॅप्टर ११०-१२० व्होल्टचा. आपल्या घरातील २३० व्होल्टचा प्रवाह मिळताच तो क्षणात जळून जाई. ट्रान्सफॉर्मर लावून हे निभावले, तर दुसरी अडचण अधिक गूढ होती. दूरध्वनी उचलल्यावर ऐकू येणारा भारतीय सूर ४०० कंपनांचा, घरघर मिसळलेला. अमेरिकन सूर ३५० व ४४० अशा दोन कंपनांच्या मिश्रणाचा. परदेशी मोडेमला आपला सूर ओळखू येत नसे. समोर जिवंत तार असूनही तो ‘सूर नाही’ असे उत्तर देऊन स्वस्थ बसे. पुष्कळांनी तो बिघडला असे समजून कपाटात टाकला. उपाय चार अक्षरांचा होता. ‘एटीएक्स३’ ही आज्ञा दिली की मोडेम सुराची वाट न पाहता क्रमांक फिरवी. ही चार अक्षरे जाणकारांच्या तोंडून कानोकानी पसरली. भारतासाठी बनविलेले मोडेम विकत घेण्यात हा एक शांत फायदा होता. गोव्यात वेर्णा येथे डी-लिंकची जाळ्याची उपकरणे तयार होत, ही गोष्ट त्या वेळी फार थोड्या मराठी ग्राहकांच्या ध्यानात आली असावी.

संगणकाच्या पोटात बसणारा मोडेम घ्यावा की बाहेरचा, हा प्रश्न प्रत्येक दुकानात निघे. आतला स्वस्त, जागा न अडविणारा, वेगळा अडॅप्टर न मागणारा. पण त्याच्यावर दिवे नसत. तार तुटली आहे, पलीकडचे केंद्र व्यग्र आहे की संगणकच अडला आहे, याचा पत्ता लागत नसे. शिवाय त्याला संगणकातील एक ‘कॉम’ क्रमांक द्यावा लागे. पहिल्या व तिसऱ्या क्रमांकाची दारे एकाच अंतर्गत संकेतरेषेवर असत. पहिल्यावर माउस आणि तिसऱ्यावर मोडेम बसविला की जोडणी होताच माउस गोठून जाई. हे दोष कोणा एका बनावटीचे नव्हते. ती त्या काळच्या संगणकाची रचनाच होती. बाहेरच्या मोडेमलाही एक अट होती. त्याची तार ज्या दारात बसते तेथील चिप जुन्या ८२५० जातीची असली, तर वेगाने येणारी अक्षरे वाटेतच गळत. सोळा अक्षरे धरून ठेवणारी १६५५० जातीची चिप असली म्हणजे काळजी नसे.

शतकाच्या शेवटी आणखी एक स्वस्त प्रकार आला. त्यातील निम्मेअधिक काम मोडेमऐवजी संगणकाच्या मुख्य प्रक्रियकाकडून करवून घेतले जाई, आणि ते करविणारा कार्यक्रम केवळ विंडोजवर चाले. नव्या, ताकदवान संगणकावर हा मोडेम बरा. जुन्या यंत्रावर तो सारे कामकाज मंद करी, आणि डॉस किंवा लिनक्स वापरणाऱ्याला तर तो बहुधा निरुपयोगीच. विक्रेत्याने हा भेद सांगितलाच असेल असे नाही. एकंदरीत, जुन्या संगणकासाठी बाहेरचा, स्वतःची अक्कल असलेला मोडेम हीच त्या काळातील समंजस निवड होती, मग त्याचा वेग एक पायरी कमी का असेना. वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की दूरध्वनीची तार भिंतीतून उपटून ठेवणे हाही त्याच शहाणपणाचा भाग होता. विजेच्या तारेवर संरक्षक बसविणारे लोक दूरध्वनीच्या तारेतूनही लोट येतो हे विसरत.

आता मुख्य प्रश्न अक्षरांचा. मोडेममधून मराठी येत होते का? १९९१ साली भारतीय मानक संस्थेने इस्की ही संकेतावली प्रमाणित केली होती. एका अक्षरासाठी असलेल्या २५६ जागांपैकी खालच्या अर्ध्या भागात रोमन आणि वरच्या अर्ध्या भागात भारतीय लिपी, अशी तिची योजना. पण जगातील संगणकीय टपालाची कित्येक केंद्रे त्या वेळी सातच बिट पुढे ढकलीत आणि आठवा गाळीत. आठवा बिट गेला की वरच्या अर्ध्या भागातील प्रत्येक अक्षर खालच्या भागात कोसळे आणि ‘आई’च्या ठिकाणी काही निरर्थक रोमन चिन्हे उमटत. ५०० रुपयांच्या काळ्या पडद्यावर तर देवनागरी दाखविण्याची सोयच नव्हती. परिणामी मराठी माणसाने मराठी रोमनमध्ये लिहिले. ‘सॉक.कल्चर.इंडियन.मराठी’ या चर्चागटावर जगभरचे मराठी भाषक असेच लिहीत. आयट्रान्स या लिप्यंतर पद्धतीने त्या लेखनाला थोडी शिस्त आणली. लहान-मोठ्या रोमन अक्षरांनी ‘त’ आणि ‘ट’ वेगळे करण्याची ती कसरत आज विचित्र वाटेल, पण तिने भाषा तारेवर जिवंत ठेवली.

१९९६ च्या गणेशोत्सवात ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. देवनागरी पाने दाखविण्यासाठी त्या काळात दोन वाटा होत्या. एक, मजकुराचे चित्र करून ठेवायचे. दुसरी, स्वतंत्र टंक अर्थात फाँट वाचकाने उतरवून घ्यायचा. येथे मोडेमचा वेग एकदम महत्त्वाचा ठरे. साठ हजार अक्षरमात्रांचा फाँट उतरविण्यास २,४०० बिटांच्या मोडेमला चार मिनिटांहून अधिक काळ लागे, १४,४०० ला पाऊण मिनिट, ३३,६०० ला अठरा-वीस सेकंद. रोमन पत्रासाठी जुना मोडेम पुरत होता. देवनागरी पानासाठी नवा मोडेम, चित्रांचे महाग खाते आणि विंडोजचा संगणक एवढे सारे लागत होते. आपली भाषा आपल्या लिपीत वाचण्याची किंमत परक्या लिपीत वाचण्याच्या कितीतरी पट होती, आणि ही किंमत महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाने दूरध्वनीच्या मिनिटांतही मोजली. त्यावर कडी म्हणजे प्रत्येक वर्तमानपत्राचा फाँट निराळा. एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फाँटात पाहिला की अक्षरांची खिचडी.

नोव्हेंबर १९९८ मध्ये खाजगी संस्थांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली आणि परवाने संपूर्ण देश, राज्य व दूरसंचार जिल्हा अशा तीन स्तरांवर देण्यात आले. दर भराभर उतरले. १७२ ने सुरू होणारे क्रमांक स्थानिक दराने लागू लागले. तीन मिनिटांना एक अंश या हिशेबाने तासाला वीस अंश पडत. रुपया-सव्वा रुपयाचा अंश धरला तरी एसटीडीच्या दिवसांपुढे हे काहीच नव्हते. घरोघरचा तंटा आता वेगळा झाला. संध्याकाळी मुलगा जोडणी करून बसला की बाहेरून येणाऱ्याला दूरध्वनी सतत व्यग्र लागे. आजीने दुसऱ्या खोलीतील समांतर दूरध्वनी उचलला की जोडणी तुटे आणि अर्ध्यावर आलेले पान तेथेच राही.

ऑक्टोबर २००० मध्ये भारत संचार निगम अस्तित्वात आले आणि जानेवारी २००५ मध्ये त्याची ब्रॉडबँड सेवा सुरू झाली. तिने त्याच तांब्याच्या जोडीवर बोलण्याच्या पट्ट्याच्या वरची कंपने वापरली, त्यामुळे संभाषण आणि इंटरनेट एकत्र नांदू लागले. नवी पेटीही मोडेमच म्हणविली जाई, पण ती किंचाळत नव्हती आणि मिनिटे मोजीत नव्हती. याच सुमारास अक्षरांचाही प्रश्न सुटत आला होता. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरी होती. विंडोज २००० व त्यापाठोपाठ २००१ च्या एक्सपीमध्ये ती वेगळा फाँट न उतरविता दिसू लागली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. देवनागरीचा मार्ग मोकळा झाला तेव्हा तारेवर क्रमांक फिरविणारा मोडेम निरोपाच्या वाटेवर होता. अमेरिकेतील एओएल या कंपनीने आपली ही जुनी सेवा ३० सप्टेंबर २०२५ पर्यंत चालू ठेवली होती.

त्या पर्वातील पत्रांचे काय झाले, हा प्रश्न ग्रंथालयाच्या कक्षेतला आहे. रोमनमध्ये लिहिलेली मराठी पत्रे साध्या मजकुराच्या रूपात जतन झाली असतील, तर ती आजही कोणत्याही संगणकावर उघडतात. हौसेने देवनागरीत लिहिलेली पत्रे, कविता, मंडळांची इतिवृत्ते मात्र त्या-त्या फाँटाच्या खाजगी संकेतांत अडकली आहेत. फाँट हरवला की ती फ्लॉपीवर शाबूत असूनही वाचता येत नाहीत. प्रचलित फाँटांसाठी युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. मूळ फाँटाचे नाव ठाऊक असेल तर काम सोपे होते, फाँटाची धारिका हाती असेल तर आणखी सोपे. ज्या घरांत अशा फ्लॉप्या व तबकड्या अजून असतील, त्यांनी त्यांवर फाँटाचे नाव आणि वर्ष लिहून ठेवावे व फाँटाची धारिकाही सोबत ठेवावी. फ्लॉपीवरील चुंबकीय लेप वर्षागणिक क्षीण होत जातो, आणि दमट हवेत अधिकच लवकर.